थोनच्या झोळीला दोर मिळेना

थोनला त्याच्या आईनं भाताच्या खाचरासाठी जन्माला घातलं आणि लग्नानं त्याला रानात पाठवलं. अंगानं गडी असा, की नांगराला एका बाजूला रेडा आणि दुसऱ्या बाजूला थोन जुंपला तर रेड्यानं आधी मान टाकावी. पाठ दारासारखी रुंद, मांड्या उखळासारख्या. खाचरात हे अंग शोभायचं. पण थोनच्या कुई जमातीत नवरा बायकोच्या गावी नांदायला जातो, आणि यीनचं गाव पडलं रानाच्या कडेला. तिथली माणसं वेळूसारखी, बारीक आणि चिवट. त्यांच्या पाठी एवढ्याशा, नि झोपायच्या झोळ्याही एवढ्याशाच.

सासऱ्यानं लग्नात लेकीला राळेची झाडं दिली होती. झाडं लेकीची, पण जाळायची जावयानं. बुंध्यात गुडघ्याच्या वर कोनाड्याएवढी खोबण कोरलेली असते. तिच्यात राळ साचते. ती खरवडून डब्यात भरायची, मग पेटती चूड खोबणीत लावायची, जाळ जरासा भडकू द्यायचा आणि ओल्या पाल्यानं झोडपून विझवायचा. जाळ लागला की झाड पुन्हा वाहायला लागतं. पावसाळाभर तिकडं कोणी फिरकत नाही. पाऊस सरला की पाण्याच्या सणाच्या पुनवेपर्यंत ज्याच्या त्यानं आपापल्या झाडांना आपल्या हातानं पहिला जाळ द्यायचा. दिला तर झाड वर्षभर त्याचं; दुसऱ्याला द्यायला सांगितला तर झाड त्या दुसऱ्याचं. पुनवेचा चांद उगवला आणि झाड थंडच असलं, तर मग ज्याची चूड आधी लागेल त्याचं. ह्याला कागद नाही की शिक्का नाही, पण हा कायदा मोडायची कोणाची छाती होत नाही.

जवळची झाडं कंपनीच्या रबराच्या लागवडीखाली गेली. उरली ती दीड दिसाच्या वाटेवर, आत. सासरा होता तेव्हा तिथं त्याचं मचाण होतं, त्यावर थोन कसाबसा पाठ टेकायचा. मचाण वाळवीनं खाल्लं. गेल्या वर्षी थोन भुईवर झोपला. ओली भुई, जळवा, तांबड्या मुंग्या, वर सगळ्या रानाची मुळं नेमकी त्याच्याच कमरेखाली. परत आला तो काठी टेकत. महिनाभर यीननं त्याला शेक दिला, आणि शेकासोबत बोलणीही दिली.

"यंदा काय करनार हाय?" पाऊस उतरू लागला तशी यीन म्हणाली. "पुनव काय तुमच्या पाठीसाटी थांबायची न्हाय."

"झोळी करतो. माज्या मापाची."

"इकत घ्या की बाजारातनं."

"बाजारातल्या झोळीत माजं एक ढुंगान बसतंय."

"मंग दुसरं तेपच्या झोळीत ठिवा." तेप म्हणजे यीनचा धाकटा भाऊ. त्याची झाडं थोनच्या झाडांना लागूनच. ओढ्याकाठी थोनची तीन झाडं होती, सगळ्यांत जाडजूड, दुभत्या म्हशीसारखी वाहणारी. तेपचा त्यांच्यावर डोळा होता हे अख्ख्या गावाला ठाऊक, कारण तेप ते लपवत नसे.

"हसायचं न्हाय यीन."

"हसतंय कोन. झाडं माज्या बापानं दिल्याली. तुमच्या पाठीपायी ती तेपच्या घरात गेली तर मी गावात कुटल्या तोंडानं फिरू?"

"तेप तुजाच भाऊ न्हवं?"

"म्हनून तर," यीन म्हणाली, आणि तिनं चूल फुंकायला घेतली.

झोळीच्या कापडाचं काही अडलं नाही. खताची दोन पोती उसवली, आडवी जोडली, मासेमाराच्या दोऱ्यानं दुहेरी टाका घातला. त्या कापडाला वाघाचं नख लागलं असतं तरी ओरखडाच उठला असता. दोन्ही टोकांना दुमडून नेफा केला. आता नेफ्यातनं दोर ओवायचा आणि दोन झाडांना बांधायचा, एवढंच उरलं होतं. घोडं पेंड खाऊ लागलं ते तिथंच.

घरात निळा प्लास्टिकचा दोर होता, गुरं बांधायचा. घराखाली, खांबांच्या मधे थोननं झोळी टांगली. गाठ मारली, वर आणखी एक गाठ मारली. हळूच बूड टेकलं, पाय वर घेतले. दोर करकरला नाही, काही नाही. थोननं डोळे मिटले. आणि साबण लावल्यासारखी गाठ आपली आपण सरकली. डोक्याकडची बाजू भुईला लागली तेव्हा पाय अजून वरच होते. खाली रवंथ करत बसलेली म्हैस उठून बाजूला झाली, कोंबड्या पार शेजाऱ्याच्या हद्दीत गेल्या.

वरनं, तक्तपोशीच्या फटीतनं यीनचा आवाज आला. "बोंग, पडला काय?"

बोंग म्हणजे थोरला. बायको म्हणते, मेहुणा म्हणतो, बाजारातली भाजीवालीही म्हणते. कोणत्या बोंगमध्ये मान किती आणि माती किती, ते आवाजावरून ओळखायचं.

"उतरलो," थोन म्हणाला.

त्यानं गाठी बदलून पाहिल्या. गुरांची गाठ, होडीची गाठ, पाळण्याची गाठ. गुरांची गाठ म्हशीला धरते, कारण म्हैस ओढते आणि ओढ थांबली की उभी राहते. थोनचं वजन थांबतच नव्हतं. पाळण्याची गाठ जेवणाची वेळ होईपर्यंत टिकली. शिवाय दोर वर्षभर उन्हात पडून त्याला केस सुटले होते. बोटानं खरवडलं की निळा भुगा. थोननं तो दोर म्हशीला परत बांधला आणि कमरेवर हात ठेवून बाजारात गेला.

बाजारात होरबाईचं दुकान. खिळे, कुलपं, पंपाचे पट्टे, दोर, सगळं छतापासून लोंबणारं. होरबाई टपरीच्या सावलीत आपल्याच झोळीत आडवी होती, पाय खाली सोडून वारा घेत.

"दोर पायजे," थोन म्हणाला.

"काय टांगायचं?"

"मानूस."

"कोन?"

"मी."

होरबाई उठून बसली. तिनं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मंग मानूस कशाला म्हनता, नीट सांगायचं की," ती म्हणाली. "घरी टांगायचं का रानात?"

"रानात."

"रानात जानारी समदी मानसं इथनंच दोर न्हेत्यात. कुनी परत येऊन तक्रार न्हाय केली."

"परत आली न्हवं पर?"

"आली की. काई काई." तिनं पांढऱ्या नायलॉनचं वेटोळं खाली ओढलं. "ह्यो घ्या. ह्यानं नदीवर होड्या बांदत्यात. पुरात तुटत न्हाय."

थोननं दोर दोन्ही हातांत धरला, गुडघा लावून ताणला. मान लाल होईतो ताणला. दोर तुटला नाही. गाठ मारली, ओढली. गाठ बसली ती सुटता सुटेना. थोनला वाटलं, झालं काम. दोर तुटतो का एवढंच त्यानं पाहिलं, तो लांबतो का ते पाहायचं त्याला सुचलंच नाही. खाचरातल्या माणसाला दोर म्हणजे ओढायची वस्तू. ओढलं आणि आलं, की दोर चांगला. रात्रभर आपणच त्या दोराला लटकून राहायचं, हे वेगळंच गणित.

घरी येऊन त्यानं दुपारची झोप नायलॉनच्या झोळीत काढली. कोरडं ऊन होतं, झोप लहान होती. उठला तेव्हा झोळी जराशी खाली आल्यासारखी वाटली, पण त्याला वाटलं आपलीच नजर झोपाळलेली. यीन म्हणाली, "घोरत व्हता." ह्याहून मोठी पावती नको होती.

तरी मन खात होतं. एकच दोर घेऊन आत जाणं बरं नाही. गावात लोर्म आजा वाखाचा दोर वळायचा. सालीचा वाख भिजवायचा, सोलायचा, मांडीवर पीळ द्यायचा, तीन पेड एकत्र करायचे. म्हाताऱ्याच्या मांडीवरचे केस त्यात कधीच झडून गेले होते. त्याच्याकडून दोर मागणं म्हणजे शिव्या पदरात बांधून घेणं.

"नायलॉन हाय न्हवं तुज्याकडं?" लोर्म आजा म्हणाला. "मंग हिकडं कशाला कडमडलास?"

"जोडीला म्हनून, आजा."

"जोडीला म्हनून. बायकू बी दोन कर, जोडीला म्हनून."

"एक हाय तीच पुरं."

"ती तुज्या बापाला पुरून उरंल." म्हाताऱ्यानं दोराचं भेंडोळं त्याच्या पायाशी टाकलं. "वाख लांबत न्हाय, सरकत न्हाय. पर वल्ल्यात ठिवलास तर कुजतो. दिसा उनात वाळवायचा."

"रानात ऊन कुटलं आजा?"

"त्ये माज्या बापाला इच्यार. म्या काय रानाचं छप्पर काडून देऊ?"

थोन दोर खांद्यावर टाकून घरी आला आणि ओट्यावर बसून विचार करू लागला. वाख ओल्यानं कुजतो. ओल थांबवायची कशानं? त्याचं उत्तर ह्या गावात तान्ह्या पोराला विचारलं असतं तरी त्यानं बोट दाखवलं असतं. इथं होडीला चीर गेली की राळ. टोपली गळली की राळ. घागरीला भोक पडलं की राळ. छपराच्या सांध्यात राळ, कोयत्याच्या मुठीत राळ, टाचेच्या भेगेतही राळ. थोननं लग्नानंतर ह्या गावाकडून एवढी एक गोष्ट शिकून घेतली होती, आणि ती त्याला अभिमानानं वापरायची होती. त्यानं कढईत राळ पातळ केली, त्यात दोर बुडवला, निथळला, पुन्हा बुडवला. दोर काळा, तकतकीत झाला. वर पाणी ओतलं तर अळूच्या पानावरून जावं तसं गेलं. यीननं पाहिलं आणि मान डोलावली. तेप ओसरीवर बसला होता, त्यानंही पाहिलं. कोणाच्याच मनात काही आलं नाही.

निघाले तेव्हा पुनवेला थोडेच दिवस उरले होते. थोननं डबे, चुडी, भात, सुकी मासळी आणि प्राहोकचं, म्हणजे आंबवलेल्या मासळीचं, मडकं पाठीवर घेतलं. तेपनं आपली मुठीत मावेल एवढी झोळी कमरेला खोचली. वाट ओढ्यानं खाल्लेली, चिखल पोटरीपर्यंत. दुसऱ्या दिवशी दुपारी झाडांपाशी पोचले. थोननं लगेच जवळच्या चार-पाच झाडांना जाळ देऊन घेतला आणि मग नायलॉनच्या दोरानं झोळी टांगली, छातीएवढी उंच.

"लई उंच बांदली, बोंग," तेप म्हणाला. "चांदाला हात लावायचा काय?"

"तुला शिडी लागत आसंल तर सांग."

रात्री पाऊस आला. मोठा नव्हे, पण रातभर ठिबकणारा. नायलॉन ओला झाला आणि ओला नायलॉन लाडावलेल्या पोरासारखा असतो. जरा जोर पडला की अंग टाकून देतो. थोन झोपेत खाली खाली येत गेला आणि त्याला कळलंही नाही. सकाळी जाग आली ती कमरेला इंगळ लागल्यासारखी. कमरेखालचा सगळा भाग चिखलात टेकलेला, डोकं आणि पाय वर, अंगाचं धनुष्य झालेलं, आणि तांबड्या मुंग्यांची वाट त्याच्या पोटऱ्यांवरून रीतसर चालू. तो किंचाळला नाही. त्यानं फक्त इतकं म्हटलं, "तेप, मला उटव."

तेप आपल्या झोळीतनं डोकावला. त्याची झोळी होती तिथंच होती. तेपचं वजन ते काय, दोराला पत्तासुद्धा लागायचा नाही. "रातीत तुमचं झाड वाडलं, का तुमी खाली आला?"

"उटव म्हनलं न्हवं?"

उठवल्यावर थोनची कमर अर्ध्यावरच अडली. दिवसभर तो वाकड्या अंगानं झाडाझाडाशी गेला. झाडाची खोबण गुडघ्याएवढी. तिथं वाकायचं, खरवडायचं, चूड लावायची, झोडपायचं. एरवी जेवढ्या वेळात चार झाडं व्हायची तेवढ्यात एक होऊ लागलं. तेपची सगळी झाडं दुपारीच उरकली. तो बसून मासळी भाजत होता.

"राह्यलेली मी लावू काय?" तेपनं विचारलं. आवाजात काही वाईट नव्हतं. म्हणूनच थोनचं माथं जास्त भडकलं.

"तू लावलीस म्हंजे तुजी हुत्यात."

"कायद्यानं व्हय. तसं म्हटलं तर व्हत्यात."

"मंग मासं भाज."

संध्याकाळी थोननं नायलॉन सोडून फेकला. फेकायचा नव्हता, दोर चांगला होता, होडी बांधता आली असती. पण माणसाला कधी कधी वस्तू फेकावीच लागते. वाखाचा दोर बाहेर काढला. दिवसभर भिजलेल्या पिशवीत राहूनही आतून कोरडा ठणठणीत. थोनला बरं वाटलं. दोन दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. झोळी बांधली, गाठ घट्ट बसली, तीन ठिकाणी दाबून पाहिलं, लोंबकळून पाहिलं. दोर तसूभर लांबला नाही.

"बगितलं काय?" थोन म्हणाला.

"बगितलं," तेप म्हणाला. "लोर्म आजाचा हात हाय त्यो."

दिवस कलला, डासांचे थवे उठले. झोळीखाली, पायांकडच्या बाजूला, धुरासाठी ओल्या पाल्याचा जाळ घालायचा, हे ज्याचं त्याचं नेहमीचं. तेपनं आपल्याखाली घातला, थोननं आपल्याखाली घातला आणि वर चढला. पाठीला कापड लागलं, कमरेतली कळ सैल झाली. त्यानं मोठा सुस्कारा टाकला. खालनं एक ठिणगी उडाली, दुसरी उडाली. ओला पाला चरचरला.

राळेची चूड पेटते तशी ती पायांकडची दोरी पेटली. सुरसुरी नाही, धूर नाही, एकदम लख्ख. जाळ दोरावरनं वर गेला, नेफ्याशी आला, पोत्याचं प्लास्टिक वितळून टपटपायला लागलं. थोन पायांकडनं खाली आला, ह्या वेळी सरळ पाठीवर. तेप ओल्या पाल्याची फांदी घेऊन धावला आणि झाड विझवतात तसं त्यानं थोनला झोडपलं. झोळीला दोन, थोनला चार. झाडांतून तोवर डोक्याकडचाही दोर मशालीसारखा उजेड देत होता.

सगळं विझल्यावर तेपनं फांदी खाली टाकली. थोनच्या अंगाला राळेचा आणि जळक्या केसांचा वास येत होता.

"राळ," तेप म्हणाला. "म्या बी बगितली हुती. घरी, कडईत."

"बोलू नगं."

"चुडीला बी आपन तेच लावतो."

"तेप, बोलू नगं."

पण तेपच्यानं राहवेना. "आपल्या हातानं पैला जाळ दिलासा, बोंग. आता वरीसभर तुमी तुमचेच."

थोनला हसू आलं असतं, पण हसायला कमर लागते.

ती रात्र आणि पुढची रात्र तो भुईवर झोपला. झोपला म्हणजे पडला. पाला अंथरून, त्यावर जळक्या झोळीचा उरलेला तुकडा घालून. जळवांनी काय नेलं ते नेलं. दिवसा काठी टेकत, बुंध्यांना धरत तो झाडं जाळत गेला. काही झाडांशी तो गुडघ्यावर रांगत गेला आणि रांगतच चूड लावली. शिव्या अखंड चालू होत्या. होरबाईला, लोर्म आजाला, दोराला, पोत्याला, रबराच्या कंपनीला, आपल्या आईनं एवढं हाड का दिलं म्हणून आईलाही. तेप मागं मागं चालायचा, डबे उचलायचा, वाट मोकळी करायचा. चूड मात्र हातात घेत नव्हता.

पुनवेच्या दिवशी उतरत्या उन्हात ओढ्याकाठची तीन झाडं उरली. थोन ओढ्याच्या अलीकडं पोचला आणि तिथं त्याची कमर शेवटची धरली. तो पालथा पडला. हाताच्या कोपरांवर थोडा सरकला, पण पुढं ओढ्याची घळ होती. पलीकडं ती तीन झाडं, आडदांड, साली पांढुरक्या. राळेचा ओघळ खोबणीबाहेर आलेला इथनंही दिसत होता.

तेप घळीच्या काठावर बसला. त्याच्या हातात न पेटवलेली चूड होती. दोघांनाही ठाऊक होतं तो कशाची वाट पाहतोय. पूर्वेला झाडांच्या शेंड्यांमागं आभाळ उजळायला लागलं होतं.

"उटतंय काय?" तेपनं विचारलं.

"न्हाय उटत."

"मंग?"

थोन गवतात तोंड खुपसून पडला होता. मान वळवून म्हणाला, "मला पल्याड न्हे. चूड मीच लावनार. हात माजा ऱ्हाईल."

तेपनं मान खाजवली. "धरला तर चालतं काय कायद्यात?"

"हात कुनाचा ह्ये बगायचं. पाय कुनाचा ते कुटं लिवलंय?"

"कुटंच काय लिवल्यालं न्हाय," तेप म्हणाला. तो उठला. म्हैस ओढल्यासारखं त्यानं थोनला काखेतनं ओढलं, घळीत उतरवलं, पाण्यातनं काढलं, वर ढकललं. थोन विव्हळत होता आणि शिव्या देत होता, तेप धापा टाकत होता. पहिल्या झाडापाशी पोचेपर्यंत दोघांचंही अंग चिखलानं एक झालं होतं. तेपनं त्याला मागनं धरून उभा केला. थोननं चूड पेटवली, खोबणीत घातली. झाड भकभकून पेटलं. पाल्यानं झोडपताना त्याच्या डोळ्यांपुढं अंधारी आली, पण त्यानं झोडपलं.

"दुसरं," थोन म्हणाला.

तेपनं त्याला सोडलं नाही, पण तो हललाही नाही. "बोंग," तो म्हणाला, "एक तुमास्नी दिलं. तुमी माज्या भैनीचा नवरा हाय म्हनून दिलं. माजी बी पोरं हायत."

"चांद अजून उगावला न्हाय."

"न्हाय उगावला."

"मंग धर."

"मी बसतो," तेप म्हणाला. त्यानं थोनला हळूच त्या जाळलेल्या झाडाला टेकवून बसवलं, खाली पाला सारून, आणि स्वतः चार पावलांवर बसला. थोननं दुसऱ्या झाडाकडं रांगायला सुरुवात केली. एक हात, एक गुडघा. कमरेनं दुसरा गुडघा ओढू दिला नाही. तो तिथंच कुशीवर वळला आणि आभाळाकडं पाहत राहिला. शेंड्यांमागनं चांद वर आला, पिवळा, मोठा, कोणाची भीड नसल्यासारखा.

तेप उठला, चूड पेटवली. दुसऱ्या झाडापाशी गेला, आणि थांबला. "लावू काय?"

"लाव की. मला काय इचारतोस."

तेप खोबणीत चूड घालू लागला.

"तितं न्हवं," थोन पडल्या पडल्या म्हणाला. "त्याचं तोंड वाकडं हाय. डावीकडनं लाव. उजवीकडनं लावलीस तर साल पेटंल आन् झाड मरंल."

तेपनं चूड डावीकडं नेली. झाड नीट पेटलं, नीट विझलं. मग तिसरंही.

सकाळी तेपनं त्याला काठी कापून दिली आणि सगळे डबे आपल्या पाठीवर घेतले. मग दोघं परतीच्या वाटेला लागले. पोटरीभर चिखलाऐवजी ह्या वेळी त्यांनी लाकडाच्या ट्रकांचा जुना रस्ता धरला, लांबचा पण सपाट. त्या रस्त्याच्या कडेला, गवतात, ट्रकवर ओंडके आवळायचा एक पट्टा पडला होता. चार बोटं रुंद, नारिंगी, कुठं कुठं चिखलानं माखलेला पण फाटलेला नाही. थोन थांबला. काठीनं उचलला. दोन्ही हातांनी ताणला. मग एक टोक झाडाला गुंडाळून त्यानं दुसऱ्या टोकाला आपलं सगळं वजन टाकलं, कमर किंचाळली तरी टाकलं. पट्टा सरकला नाही. लांबला नाही. कडेच्या डबक्यात बुडवून पुन्हा लोंबकळला, तरी तेच.

"ह्यानं झाडं बांदून न्हेली हायत," तेप म्हणाला. "रानात नगा बांदू ह्यो. म्हातारी मानसं चांगलं म्हनत न्हाईत."

"म्हाताऱ्या मानसाचा दोर त्या राती जळला."

"तुमी त्येला राळ लावली म्हनून जळला."

 थोन पट्टा हातात धरून नुसता पाहत राहिला. झोळी होती तेव्हा दोर नव्हता. आता हत्तीला पेलेल असा पट्टा होता, आणि झोळीचा कोळसा मागं रानात पडला होता.

"सुंब जळला, बोंग," तेप म्हणाला, "पीळ तेवडा ऱ्हायला. चला आता."

थोननं पट्टा गुंडाळला आणि गळ्यात अडकवला. दहा पावलं गेल्यावर तो म्हणाला, "आता पुडच्या वरसी मी नीट झोपतो. ती दोन झाडं दे माजी."

"पुडच्या वरसी पुनवेच्या आदी मी जाळ लावनार," तेप म्हणाला.

"मंग कशाला देशील."

"तेच म्हनतोय."

घरी यीन जिन्याच्या खालच्या पायरीवर उभी होती. तिनं नवऱ्याची काठी पाहिली, गळ्यातला नारिंगी पट्टा पाहिला, भावाच्या पाठीवरचे डबे पाहिले. कोणी काही सांगायच्या आधीच तिनं विचारलं, "किती गेली?"

"दोन," थोन म्हणाला.

यीननं तेपकडं पाहिलं. तेपनं डबे उतरवायला घेतले, एकेक करत, पाठ फिरवून. तिनं भावासाठी भात वाढला, पण मासळीचा मोठा तुकडा नवऱ्याच्या ताटात टाकला.